बॉनेटचा कोपरा

‘हे कोण केलंय?’

नाडगौडा सरांचा आवाज मागून आला आणि मी खुर्ची वळवून उठायलाच लागलो. ट्रॅक्टरच्या बॉनेटचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे बरंवाईट जे काय विचारायचं ते मलाच विचारणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण सर माझ्याकडे बघतच नव्हते. पलीकडच्या रांगेत माझी बायको बसायची. ते तिच्या स्क्रीनसमोर उभे होते.

‘मी केलंय सर,’ ऋजुता म्हणाली.

‘मुकुलनं दाखवलं काय तुला?’

‘नाही. मीच करून बघितलं.’

सरांनी शेजारची खुर्ची ओढली आणि ते बसले. आमच्या ऑफिसात नाडगौडा सर कुणाच्या शेजारी बसत नसत. उभ्याउभ्या स्क्रीनवर बोट ठेवायचे, एखादं वाक्य बोलायचे आणि पुढे जायचे. ‘झेब्रा लाव बघू,’ ते म्हणाले.

झेब्रा म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरमधली तपासणी. संगणकात बनवलेल्या पत्र्यावर काळे-पांढरे पट्टे उमटवायचे. नव्या रंगवलेल्या गाडीवर ट्यूबलाइटच्या रांगांचं प्रतिबिंब पडावं, तसे. दोन पृष्ठभागांचा सांधा चांगला जमला असेल तर पट्टे एकावरून दुसऱ्यावर सहज वाहत जातात. जमला नसेल तर सांध्यावर येऊन तुटतात, नाहीतर लंगडतात. डोळ्यांना न दिसणारा दोष झेब्रा दाखवतोच.

ऋजुतानं बॉनेटचा वरचा भाग फिरवला. पट्टे पुढच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंत कुठेही न अडखळता गेले.

‘भारी केलीस की गं,’ सर म्हणाले. ते बेळगावचे. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी तोवर कुणाचंच ऐकलं नव्हतं. माझंही नाही.

मी पुन्हा खुर्चीत बसलो. अर्धवट उठलेलं कुणी पाहिलं नसेल असं वाटलं होतं, पण शेजारच्या इम्तियाजनं पाहिलं होतं. तो खाली वाकून हळूच म्हणाला, ‘काय मुकुलभाई, वहिनींनी विकेट काढली.’

मी हसलो. हसावंच लागलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भोसरीत एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा डिझाइन स्टुडिओ होता. वाहनं बनवणाऱ्या कंपन्या आम्हाला गाडीचा सांगाडा देत आणि आम्ही तिचं बाहेरचं अंग बनवून देत असू. मी तिथला जुना माणूस. ऋजुता आमच्या लग्नाच्या वेळी चिंचवडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. संध्याकाळी मी घरच्या संगणकावर काम करत बसलो की मागे येऊन उभी राहायची. एक दिवस म्हणाली, मलाही शिकव. मला फार आवडलं ते. बायको आपल्याकडून काही शिकते आहे याचं सुख वेगळंच असतं.

मीच तिला सांगितलं होतं की सरफेस, म्हणजे पृष्ठभाग, तीन तऱ्हेचे. पहिला, रेषांवर टाकलेला. दोरीवर चादर वाळत घालावी तसा. दोरी हलवली की चादर हलते. त्याला बदलायचं तर त्याच्या मूळच्या रेषेला, म्हणजे कर्व्हला हात घालायचा. दुसरा मोकळा. त्याच्यावर बिंदूंची जाळी असते, बिंदू चिमटीत धरून ओढायचे. तिसरा बाहेरून आलेला, दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरमधला. तो कसा बनला ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. त्याला आम्ही मुका म्हणायचो. मुक्याला फार तर कापता येतं, वाढवता येतं. त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं.

‘मग तिघांना एका घरात नांदवायचं कसं?’ तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी हसलो होतो. पुढे तिला स्टुडिओत जागा मिळाली तीही माझ्याच शब्दावर. सुरुवातीला ती माझ्या फायली नीट लावून द्यायची, बारीकसारीक तुकडे बनवायची. बॉनेटचा वरचा भाग तिच्याकडे आला तो मला वेळ नव्हता म्हणून.

त्या दिवशी सर तिच्या शेजारून उठले ते थेट माझ्याकडे आले. ‘वरचा भाग आणि पुढचा कोपरा ऋजुता करू दे. तू बाजूचे पत्रे बघ.’

‘कोपरा अवघड आहे सर. तिथे दिवा येतो.’

‘म्हणून तर,’ ते म्हणाले.

तो कोपरा म्हणजे या सगळ्या कामाचं मर्म होतं. वरून ऋजुताचा मोकळा सरफेस येणार, बाजूनं माझा रेषांवर टाकलेला पत्रा येणार आणि पुढून कंपनीनंच पाठवलेली दिव्याची चौकट, ती मुकी. तिघांची गाठ तळहाताएवढ्या जागेत पडत होती. तो कोपरा जमवणाऱ्यालाच सर चेन्नईला पाठवणार, असं सगळे बोलत होते. तिथे नवा स्टुडिओ निघणार होता आणि त्याला लीड हवा होता. माझ्या मनात मी तिथे घर बघूनही ठेवलं होतं. ऋजुताला समुद्र आवडतो, म्हणून समुद्राजवळचं.

पुढचा आठवडा मी बाजूच्या पत्र्यापेक्षा सरांच्या केबिनकडेच जास्त पाहिलं. केबिनला काच होती. ऋजुता आत जायची, सर तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढायचे, दोघं स्क्रीनवर वाकायचे. ती हातानं हवेत काहीतरी रेघ ओढायची, सर मान हलवायचे, मग तेही तशीच रेघ ओढायचे. एकदा दोघं मोठ्यानं हसले. काचेतून आवाज आला नाही, पण हसणं दिसलं. घरी ती अशी हसत नव्हती का? हसायची. पण मी काहीतरी बोलल्यावर. हे माझ्याशिवायचं हसणं होतं.

डबा ती त्या आठवड्यात ऑफिसातल्या मुलींबरोबर खायला लागली. कोपऱ्याबद्दल बोलायचं असतं, म्हणाली. माझ्या डब्यात तिनं स्वतः केलेली वांग्याची भाजी होती आणि ती मला गिळवेना.

संध्याकाळी मोटरसायकलवर मागे बसून ती रस्ताभर गाड्या बघायची. ‘तो बघ, त्या पांढऱ्या गाडीच्या डिकीवर लाइट कसा तुटतोय. सांध्यावर कुणीतरी आळस केलाय.’ सिग्नलला थांबलो की पुढच्या बसच्या बंपरकडे बघत राहायची. घरी ट्यूबखाली वाटी उपडी धरून फिरवायची. फ्रिजच्या दारावरून बोटं फिरवायची. मी तिच्यासमोर बसलेलो असायचो.

‘आज काय चाललं होतं केबिनमध्ये?’ एकदा विचारलंच.

‘कोपऱ्याचंच. एक सुरकुती जात नाहीये.’

‘मला विचारायचंस.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती. ‘तू बोलतोयस कुठे माझ्याशी?’ एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

खरं होतं ते. मी बोलत नव्हतो. बोलायला तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याची मला खात्री नव्हती.

कंपनीच्या माणसांना काम दाखवायचा दिवस जवळ आला. सगळ्यांच्या फायली सगळ्यांना उघडता यायच्या. जेवणाच्या सुट्टीत मी ऋजुताची फाईल उघडली. मला तिच्यात चूक हवी होती. पट्टे लावले, जाड केले, बारीक केले, आडवे फिरवले. वरचा भाग निर्दोष होता. इतका, की मला राग आला. मग कोपऱ्याच्या अगदी खालच्या टोकाशी एक पट्टा लंगडताना दिसला. किंचितच. पाय मुरगळलेला माणूस चारचौघांत नीट चालायचा प्रयत्न करतो, तेवढाच.

मला झालेला आनंद काय सांगू! पगारवाढीनं, बक्षिसानं, कशानंही मला तेवढं बरं वाटलं नव्हतं. हातपाय हलके झाले. मी बाहेर जाऊन चहा प्यायलो आणि इम्तियाजलाही पाजला. ऋजुताला मात्र काही सांगितलं नाही. सुरकुती जात नाहीये, हे तिनं स्वतःच मला सांगितलं होतं, हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचे चौगुलेसाहेब आले. मीटिंगच्या खोलीत पंख्याखाली मोठा पडदा लावला होता आणि त्याच्यावर लाल बॉनेट फिरत होतं. सरांनी सगळ्यांना आत बोलावलं होतं. ऋजुतानं संगणकाशी बसून थोडक्यात सांगितलं, कुठे काय केलंय ते. चौगुले खूश दिसत होते.

‘कुणाला काही म्हणायचंय काय?’ सरांनी विचारलं.

‘मला,’ मी म्हणालो. ‘कोपऱ्याच्या खालच्या टोकाला पट्टा तुटतोय.’

मी ऋजुताकडे पाहिलं. तिचा चेहरा पडेल असं मला वाटत होतं. मला तो पडायला हवा होता. पण तिनं मान डोलावली.

‘बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘तिथे अडतंय. मुकुल, कसं सोडवायचं?’

हा प्रश्न माझ्या हिशेबात नव्हता. चूक सापडली एवढ्यावरच मी थांबलो होतो.

‘बिंदू ओढले की जाईल,’ मी म्हणालो.

‘मग ये की, ओढून दाखव,’ सर म्हणाले.

मी जाऊन तिच्या खुर्चीत बसलो. कोपऱ्यावरची जाळी उघडली, एक बिंदू धरला आणि आत ढकलला. तळाशी पट्टा सरळ झाला, पण वर दुसरा वाकला. त्या वरच्याला सरळ केलं तर दिव्याच्या चौकटीशी फट पडली. चटईखाली काहीतरी सरकावं तशी ती सुरकुती इकडून दाबली की तिकडे निघत होती. माझा तळहात घामानं माऊसवर घसरायला लागला. चौगुलेसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

‘ऋजुता, तू बस,’ सर म्हणाले.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पण तिनं माऊस घेतला नाही. ‘नाही सर. दोष कोपऱ्यात नाहीये, बाजूच्या पत्र्यात आहे. आणि तो मुकुलचा आहे. मी त्याला हात लावणार नाही. तोच करेल.’

सगळ्यांसमोर! माझ्या बायकोनं, मी शिकवलेल्या मुलीनं, माझ्याच ऑफिसात! मी काहीतरी तिखट बोलणार होतो. पण सवयीनं माझा हात बाजूच्या पत्र्याकडे गेला, मी त्याची मूळची रेषा उघडली आणि तिच्यावर वाकाचे काटे लावले, म्हणजे रेषेचा वाक कुठे किती बदलतो ते दाखवणाऱ्या उभ्या रेघा.

ही रेषा माझ्या अभिमानाची होती. इंजिन, फिल्टर, बॅटरी, सगळं सांभाळत मी तिच्यात बिंदूंवर बिंदू घालत गेलो होतो. कुठे इंजिन जवळ आलं की एक बिंदू वाढवायचा, कुठे बॅटरी अडली की आणखी एक. इतक्या बिंदूंनी धरलेली रेषा नुसती बघितली तर गुळगुळीत दिसायची. काटे लावल्यावर मात्र ती टोकाशी थरथरताना दिसत होती. त्या थरथरीला जाऊन भिडणारा कुठलाही सरफेस सुरकुतणारच होता. ऋजुताच काय, कुणीही केला असता तरी.

ती माझ्या कानाशी वाकली. फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली, ‘पूस ती. नवी ओढ. मोजक्या बिंदूंची.’

‘सगळं कोसळेल.’

‘कोसळू दे. पुन्हा उभं राहतं ते.’

त्या रेषेवर बाजूचा आख्खा पत्रा उभा होता. त्याच्यावर हवा जायची जाळी, पट्टी, चाकावरचा वाक. कित्येक महिन्यांचं काम. मी नकार देऊ शकलो असतो. इंजिनामुळे बदलता येत नाही म्हणालो असतो, तर चौगुल्यांना ते पटलंही असतं. मी पडद्याकडे पाहिलं. ऋजुताही पडद्याकडेच बघत होती, भुवया जवळ आणून, ओठ थोडे उघडे ठेवून. त्या आठवड्यात मी नाडगौडा सरांवर जळलो होतो, तिच्या हातावर जळलो होतो, चेन्नईवर जळलो होतो. आणि आता लक्षात आलं की मी त्या पत्र्यावर जळत होतो. इतकं मन लावून तिनं मला कधी पाहिलं नव्हतं.

मी रेषा निवडली आणि पुसली.

पडद्यावर बाजूचा पत्रा दिसेनासा झाला. कडेला एकावर एक रचलेल्या कामांची यादी होती, तिच्यातलं एकेक नाव लाल झालं, म्हणजे ते काम मोडलं. मागे कुणीतरी ‘अरे!’ म्हणालं. मी नवी रेषा ओढायला घेतली. ऋजुता सांगत होती, ‘थोडी खाली. पुढे नको ओढूस, तिला जाऊ दे. आता फिल्टरजवळ बघ, लागतोय का?’ लागत नव्हता. इतके बिंदू मी कशासाठी घातले होते कोण जाणे. एकेक लाल नाव पुन्हा काळं होत गेलं. शेवटी तिचा कोपरा माझ्या नव्या पत्र्याला जोडला आणि मी झेब्रा लावला.

पट्टे वरून आले, कोपऱ्यात वळले आणि बाजूवर उतरून दिव्याकडे गेले. एकही लंगडला नाही.

‘हेच पाहिजे होतं मला,’ चौगुलेसाहेब म्हणाले. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ऋजुताकडे वळून म्हणाले, ‘चेन्नईची तयारी कर की मग.’

पुढचं आताच सांगून टाकतो. ती चेन्नईला गेली. परत आली ती आमच्या सगळ्यांची लीड होऊन. नाडगौडा सर निवृत्त झाल्यावर त्यांची केबिन तिला मिळाली. मी तिच्या हाताखाली काम केलं, आजही करतो. लोक विचारतात, कसं जमतं? मी म्हणतो, जमतं. कधी कधी नाहीही जमत, तेव्हा मी दोन दिवस घरी बोलत नाही. पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

त्या संध्याकाळी आम्ही घरी निघालो. नाशिक फाट्याशी रसवंती होती. ऋजुता म्हणाली, थांब, घसा सुकलाय. आम्ही बाकावर बसलो. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती.

‘तुला आधीच माहीत होतं ना? माझ्या रेषेचं?’ मी विचारलं.

‘हो. चारपाच दिवस झाले. सरांना तेच विचारत होते, तुझा पत्रा न हलवता काही करता येईल का. नाही म्हणाले.’

‘मला सांगायचंस.’

‘सांगणार होते. तू वांग्याची भाजी तशीच परत आणलीस त्या दिवशी. मग म्हटलं जाऊ दे.’

रसाचे ग्लास आले. मी माझा खाली ठेवला. ‘ऋजुता, मी जळत होतो तुझ्यावर. आताही जळतोय. तू चेन्नईला जाणार ना, त्याचा मला आनंद नाही झाला.’

मला वाटलं ती रागावेल, नाहीतर रडेल. ती रसाचा घोट घेत म्हणाली, ‘माहितेय. मला ओळखीचं आहे ते.’

‘म्हणजे?’

‘तू संध्याकाळी घरी येऊन संगणकावर बसायचास, तेव्हा मी काय करायचे? पोळ्या. मागे वळून बघायचे तर तुझ्या हाताखाली काहीतरी फुगतंय, वळतंय. जेव म्हटलं तरी तुला ऐकू जायचं नाही. मी दिवसभर पोरांकडून आंबा आणि फुलदाणी काढून घेत होते आणि हा माणूस घरात बसून गाड्या घडवतोय! इतकी जळायचे मुकुल, पोळ्या करपायच्या. तू म्हणायचास, गॅस मोठा असेल.’

‘मला वाटायचं, तू माझ्यावरच्या प्रेमापोटी शिकतेयस.’

‘प्रेमापोटी कोण सरफेसिंग शिकतं?’ ती हसली. केबिनमध्ये हसली होती तशीच, मोठ्यानं. रसवाल्यानं मान वळवून पाहिलं.

लग्नाची इतकी वर्षं मी जे समजून चाललो होतो, ते तिनं रसाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं होतं. आणि मला वाईट वाटत नव्हतं.

‘मग कधी थांबलं ते? तुझं जळणं?’

‘थांबलं कुठे? आज दुपारी नव्यानं जळले.’

‘आज? आज तर तूच...’

‘माझ्या कोपऱ्याचं सोड. तू ती रेषा पुसलीस.’ तिनं ग्लास बाकावर ठेवला. ‘एवढ्या महिन्यांचं काम, सगळे बघताहेत, आणि मी कानात काहीतरी पुटपुटले म्हणून तू पुसलीस. मी सांगितलं खरं, पण मनात म्हणत होते, हा नाही पुसणार. माझी असती ना मुकुल, तर मी इंजिनाचं कारण दिलं असतं, दिव्याचं दिलं असतं, काहीही केलं असतं, पण पुसली नसती. मला नसतं जमलं. तेव्हापासून इथे टोचतंय मला.’ तिनं छातीवर बोट ठेवलं. ती गंमत करत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

मी रसवाल्याला पैसे दिले. परत येऊन गाडीला किक मारली तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी शीळ घालायला लागलो. ऋजुता मागे बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाली, ‘फार चढू नकोस हं. चेन्नईला मीच जाणार आहे.’